मागे फिरणाऱ्या बैलगाड्या

साळवेकाका फिल्मचा पडदा स्वतःच धूत. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, आमच्या मागच्या अंगणातल्या हौदावर. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते तो भलामोठा पांढरा कपडा पायांनी तुडवायचे आणि मग नीळ घालायची वेळ आली की एकदम गप्प व्हायचे. चिमटीतली नीळ बादलीत सोडायची, हाताने ढवळायची, पाण्याकडे तिरकं होऊन बघायचं, पुन्हा थोडी सोडायची.

"नीळ जास्ती झाली की पडद्यावरची माणसं आजारी दिसत्यात," ते आईला सांगत. "आन् कमी पडली की समद्यांला कावीळ."

पडदा वाळत घातला की अर्धं अंगण झाकलं जायचं. त्याच्या आडून कुणी गेलं की सावली दिसायची, आणि काका खोलीच्या दारात चहा पीत म्हणायचे, "बघा, फुकटात चालू झाला."

बारामतीत आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या. एकीत ते राहायचे आणि दुसरीत त्यांचा प्रोजेक्टर, दोन भोंगे, जनरेटर आणि पत्र्याच्या गोल डब्यांतली रिळं. एका सरकारी खात्यात ते नोकरीला होते. जीपमध्ये हा सगळा संसार घालून बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या गावांमध्ये जायचं, अंधार पडला की शाळेसमोर पडदा बांधायचा आणि माहितीपट दाखवायचे, हे त्यांचं काम. बायको सुप्याजवळ तिच्या माहेरच्या कोरडवाहू जमिनीवर राहायची, शेळ्या सांभाळायची. शनिवारी काका तिकडे जायचे आणि रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने परत.

त्र्याण्णव साली मी बी.ए. करून घरी परत आले तेव्हा गावागावांत टीव्ही पोचले होते. तरी काकांच्या पडद्यासमोर गर्दी असायची. मला तेव्हा त्याचं नवल वाटायचं. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात आणि पुण्याच्या हॉस्टेलमध्ये झालेलं. वडील एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात होते. मी मराठी बोलले की वाक्य आधी तयार करून मग बोलल्यासारखं वाटायचं, चुलतभावंडं हसायची, म्हणून मी कमीच बोलायचे. काका हसले नाहीत. त्यांना माझं काम होतं.

त्यांच्याकडे येणाऱ्या बऱ्याच फिल्म्सचं निवेदन इंग्रजीत असायचं. मराठी प्रती मागवल्या तरी यायच्या नाहीत. मग काका भोंग्याचा आवाज बारीक करायचे, हातात माइक घ्यायचे आणि स्वतः बोलायचे. पण बोलण्याआधी इंग्रजीत काय म्हटलंय ते त्यांना नीट हवं असायचं. आधी कॉलेजातले एक मास्तर सांगायचे, त्यांची बदली झाली. एका दुपारी काका ओसरीवर येऊन उभे राहिले.

"ताई, येळ हाय का? जरा एक बया इंग्लिश बोलतीया, ती काय म्हनती ते सांगाल का?"

ती बया म्हणजे क्षयरोगावरच्या एका फिल्मची निवेदिका होती. खोलीत खिडक्या बंद करून, भिंतीवर फिल्म लावून त्यांनी मला ती दाखवली. मी वहीत एकेक वाक्य उतरवून घेतलं आणि त्याचं शुद्ध मराठी करून दिलं. 'क्षयरोग हा संसर्गजन्य असला तरी नियमित औषधोपचाराने पूर्णतः बरा होऊ शकतो.' काकांनी ते दोनदा वाचलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पर हे कुनाला सांगायचं?"

"म्हणजे?"

"म्हंजी ह्ये ऐकणारा मानूस कुठं बसलाय? खुर्चीवर का भुईवर?"

मी वहीतलं वाक्य परत वाचलं. पुढच्या आठवड्यात शेळगावला ती फिल्म होती आणि ते मला आणि आईला जीपमधून घेऊन गेले. त्या फिल्ममध्ये एक आजारी माणूस घराबाहेर एकटा जेवत बसलेला आहे, आणि आतून त्याची मुलगी त्याच्याकडे बघते आहे, असं एक दृश्य होतं. निवेदिका त्या वेळी औषधं किती महिने घ्यायची त्याबद्दल बोलत होती. काका माइकवर एवढंच म्हणाले, "ह्याला गोळी चालू करून लई दिस झालं. आता ह्याचा खोकला कुनाला लागत न्हाय. पर घरच्यांला कुनी सांगितलंच न्हाय. म्हनून ह्यो अजून बाहीरच."

पुढे गर्दीतून एक जण उठला आणि तडक निघून गेला. मला वाटलं त्याला राग आला. काकांनाही तसंच वाटलं असावं. चार दिवसांनी तो माणूस बाजाराला आला तेव्हा घर शोधत आमच्याकडे आला. दवाखान्यात विचारून आलो, म्हणाला. भावाची बाज गोठ्यातून घरात घेतली. एवढंच सांगितलं, पाणी प्यायला आणि गेला. काका त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. "पोट भरलंय," म्हणाले.

त्यांचे काही नियम होते. पडदा बांधायच्या आधी समोरची जागा स्वतः झाडून घ्यायची. झाडू जीपमध्येच असायचा. पोरं पुढे, बायका मधे, आणि खुर्च्या सगळ्यांत मागे. यावरून दर दोन गावांमागे एकदा भांडण व्हायचं. एकदा एका सरपंचांनी आपली खुर्ची मधोमध आणून ठेवली.

"साळवे, आमी काय मागं बसायचं?"

"सरपंच, तुमी पुढं बसला की मागच्या चाळीस बायांला फिल्म दिसत न्हाय, तुमीच दिसताय," काका म्हणाले. "तसं तुमी दिसायला बरं हाय. पर त्या रोजच बघत्यात तुमाला."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि सरपंचांनी खुर्ची उचलली.

आणि एक नियम असा होता की फिल्म संपली की लगेच दिवा लावायचा नाही. प्रोजेक्टरचा दिवा विझवून काका अंधारात मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचे, मग बल्ब लावायचे. मी एकदा कारण विचारलं. "मानसाला डोळं पुसायला येळ द्यावा लागतो," ते म्हणाले. "एकदम उजेड केला तर त्यो रडला हे शेजाऱ्याला कळतं. मग फुडच्या खेपंला येत न्हाय."

धरणावरची फिल्म मी त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहिली ती पावसाळ्यातल्या एका रिकाम्या दुपारी. बारा मिनिटांची, काळी-पांढरी, इंग्रजी निवेदनाची. भीमेवर धरण झालं आणि इंदापूरकडची नदीकाठची गावं फुगवट्यात गेली, त्या वेळी काढलेली. भिंत, सांडवा, यंत्रं, नकाशे असं सगळं दहा मिनिटं होतं. आणि मग अचानक एका गावातून बैलगाड्या बाहेर पडतात. नऊ गाड्या. पेट्या, कणग्या, जाती, उलट्या बांधलेल्या बाजा. हे सगळं मिळून चाळीस-पन्नास सेकंदांचं. निवेदक तेव्हा म्हणतो की गावकऱ्यांनी राष्ट्रासाठी आनंदाने आपली घरं सोडली.

"'आनंदानं' असंच म्हनतोय का?" काकांनी मला विचारलं.

"हो."

"परत ऐका."

मी परत ऐकलं. "हो काका, तसंच म्हणतोय."

"बरं. मंग म्हनू द्या त्याला. आपुन आवाज बारीक करू."

ते गाव चिंचघाट. काकांचं गाव. हे मला आईकडून कळलं, त्यांनी स्वतः सांगितलं नाही.

पाण्याखाली गेलेल्या चिंचघाटची माणसं इंदापूरच्या अलीकडे माळावर वसवली होती. तिथे ती फिल्म वर्षातून दोन-तीनदा लागायची. लोक आधीची सगळी दहा मिनिटं गप्पा मारत, विड्या ओढत काढायचे. गाड्या आल्या की मात्र एकच गलका व्हायचा.

"आरं, ती तात्याची जोडी! डावा बैल बघ, शिंग मोडकं!"

"व्हय की. आन् मागं आमचं चुलतं."

"तुजं चुलतं इतकं बारीक कवा हुतं रं?"

"धरनाच्या आधी समदीच बारीक हुती."

काका हातातल्या काठीने पडद्यावर दाखवत जायचे. ही पहिली गाडी कुणाची, तिच्यात काय काय आहे, बैलांची नावं काय. निवेदक मागे बारीक आवाजात धरणाची क्षमता सांगत असायचा, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. तिसऱ्या गाडीत जात्यावर एक माणूस बसलेला आहे. तो एकदाच मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतो आणि रुसल्यासारखा परत पुढे बघतो. तो भामाआजींचा नवरा. नव्या जागी आल्यावर दोन वर्षांत तो गेला. त्याचा फोटो घरात नव्हता, कुठेच नव्हता. त्यामुळे फिल्म लागणार असं कळलं की भामाआजी येऊन सर्वांत पुढे पोरांमध्ये बसायच्या. इतर गावांत लागली तरी, मिळेल त्या गाडीने.

"थांबवा की वो साळवेबाबा," त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या. "जरा थांबवा."

"थांबवलं तर जळतंय, आजी. दिव्याची धग लई आसती. उलटं नेतो."

आणि मग ते प्रोजेक्टर उलटा चालवायचे. फिल्म मागे घेताना दिवा बंद करायचा अशी रीत, पण काका तो चालू ठेवायचे. आणि पडद्यावर त्या नऊ गाड्या मागे फिरायच्या. बैल उलटी पावलं टाकत जायचे, धूळ खाली बसायची, गाड्या एकेक करून वेशीतून आत शिरायच्या. पहिल्यांदा हे बघताना पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत. शेवटची गाडी आत गेली की रिकामा रस्ता दिसायचा आणि त्याच्या पलीकडे सगळं गाव जागच्या जागी असायचं. कुणीतरी अंधारातून म्हणायचं, "हां. ऱ्हाऊ द्या आता आसंच." पण तसं ठेवता यायचं नाही. रीळ जळलं असतं.

यानंतर काका अजून एक गोष्ट करायचे. काठी पडद्यावरून सरकवत सरकवत कडेपर्यंत न्यायचे आणि पडदा संपला तरी थांबायचे नाहीत. काठी शाळेच्या काळ्या भिंतीवर जायची.

"आन् हितं," ते म्हणायचे, "वढ्याच्या पलीकडं आमची वस्ती. फिल्मवाल्यांची मोटार वढा उतरली न्हाय, म्हनून ती दिसत न्हाय. पर हुती. सतरा उंबरं. ह्ये पहिलं माझ्या आज्याचं. छप्पन साली दीक्षा घिऊन आला तवा ह्याच उंबऱ्यावर समद्या वस्तीला त्येनं गूळ वाटला हुता." आणि ते काठीने भिंतीवर एकेक घर दाखवत जायचे. लोक त्या अंधाऱ्या भिंतीकडे खरोखर बघायचे.

एकदा मागच्या खुर्च्यांमधून एका म्हाताऱ्या पाटलाचा आवाज आला. "साळवे, सतरा न्हाय. अठरा. म्हादूचं खोपाट धरलं न्हाईस तू."

काका थांबले. "व्हय आबा. म्हादूमामाचं ऱ्हायलं." आणि काठी थोडी पुढे सरकवून त्यांनी तिथे एक घर दाखवलं. त्यानंतर ते नेहमी अठरा म्हणायचे.

हे सगळं मी मागे, जनरेटरजवळ बसून बघत असे. मला कुणाशी बोलावं लागत नसे, म्हणून मला ते आवडायचं.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात खात्याचे एक मोठे साहेब तपासणीसाठी आले. दक्षिणेकडचे होते, मराठी अजिबात येत नव्हतं, हिंदी जेमतेम. सौम्य माणूस. चिंचघाटच्या माळावर फिल्म लावायची ठरली होती. काकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि साहेबांसमोर उभं केलं.

"सायेब, ह्या आमच्या ताई. इंग्लिशमधी शिकल्यात. ह्या तुमाला समदं सांगतील."

असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले. मोकळं, भरवशाचं हसू होतं ते. मग ते झाडू घेऊन जागा झाडायला गेले.

साहेबांनी मला शेजारी खुर्ची दिली. फिल्म सुरू झाली, काका बोलायला लागले, आणि साहेबांनी हळू आवाजात विचारलं, हे काय सांगत आहेत? मी सांगायला लागले. मला इंग्रजीत बोलायला महिनेच्या महिने कुणी मिळालं नव्हतं. शब्द आपोआप येत होते, वाक्यं आधी तयार करावी लागत नव्हती. मी एकही गोष्ट गाळली नाही. निवेदनाचा आवाज बारीक केलाय ते सांगितलं. 'आनंदाने' हा शब्द ते घेत नाहीत ते सांगितलं. फिल्म उलटी चालवताना लोक का गप्प होतात, ते समजावून सांगितलं. काठी भिंतीवर गेली तेव्हा तर मी साहेबांच्या कानाशी वाकून एकेक वाक्य दिलं, अठराव्या घरासकट. साहेब मान हलवत होते. शेवटी म्हणाले की या भागात असं सुंदर इंग्रजी आपण ऐकलं नव्हतं. आणि हे सगळं मी त्यांना लिहून देऊ शकेन का, अहवालाला जोडता येईल.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या टेबलावर बसून मी दोन पानं लिहिली. एकदा कच्ची, एकदा पक्की. पक्कं करताना एका वाक्यात मी एक शब्द घातला. मूळ वाक्य असं होतं की साळवे मंजूर निवेदनापासून दूर जातात. मी लिहिलं की ते जाणूनबुजून दूर जातात. साहेबांनी मला ते विचारलं नव्हतं. त्या शब्दाने वाक्याला वजन येत होतं, वाचायला बरं वाटत होतं, एवढंच कारण. तो कागद कुठे जाणार आणि त्याचं काय होणार हे मला कळत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. थोडं कळत होतं. कच्च्या कागदावरून पक्क्या कागदावर येताना हात एकदा थांबला होता, ते मला आठवतं.

दीड महिन्यात हुकूम आला. फिरतं काम बंद. प्रोजेक्टर आणि रिळं जमा करायची, आणि साळव्यांनी पुण्याच्या कार्यालयात टपालाच्या आवक-जावक टेबलावर हजर व्हायचं.

काकांनी आठ दिवस आवराआवर केली. माझ्याशी ते नेहमीसारखंच बोलत होते, आणि त्यामुळे मला त्यांच्यासमोर जाणं अवघड व्हायला लागलं. निघायच्या दिवशी ते खोल्यांची किल्ली द्यायला आले. मी आतल्या खोलीत होते. त्यांनी आईला विचारलेलं मला ऐकू आलं.

"ताई हायेत का?"

"झोपलीय," आई म्हणाली. मीच तिला तसं सांगून ठेवलं होतं. सकाळचे अकरा वाजले होते.

"झोपू द्या, झोपू द्या," काका म्हणाले. "जागरनं झाली त्यांची माझ्यापायी."

त्या उन्हाळ्यात भामाआजी आमच्या दारात आल्या. बारामतीला कुणाच्या तरी लग्नाला आल्या होत्या, तिथून पत्ता विचारत चालत आलेल्या. मागच्या खोल्यांना कुलूप बघून हौदाच्या कठड्यावर बसल्या.

"साळवेबाबा कुठं गेलं?"

"पुण्याला. बदली झाली."

"आन् फिल्म?"

"ती पण जमा केली."

"कुनी?"

मी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा त्या आईला सांगत होत्या, "आता तोंड आठवत न्हाय बया मला त्येंचं. मागनं आठवतंय. पाठ आठवती. पर तोंड आठवाया गेलं की ती फिल्म लागती." आईने त्यांना चहा दिला. पुढच्या वर्षी त्या परत एकदा आल्या. मी वरच्या गच्चीवर होते, खाली उतरले नाही.

त्यानंतर मला एमआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरी लागली. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजी पत्रं लिहायची. पत्रं चांगली जायची. कंपनीतले साहेब कौतुक करायचे. दर वेळी कौतुक झालं की मला ती दोन पानं आठवायची, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

सत्त्याण्णव साली दुपारच्या सुट्टीत गेटवरचा शिपाई सांगत आला की कुणी साळवे म्हणून आलेत. मी गेले तर काका बाहेर मोटरसायकलींच्या रांगेशेजारी सावलीत उभे होते. वाळले होते. पुढच्या महिन्यात निवृत्त व्हायचे होते. मी काय बोलावं याचा विचार दोन-अडीच वर्षं केला होता. मी म्हणाले, "काका, त्या वेळी साहेबांना मी जे लिहून दिलं…"

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि खिशातून एक पत्र काढलं. "ह्ये वाचा."

त्यांनी खात्याकडे अर्ज केला होता. ती धरणाची फिल्म निवृत्त व्हायच्या आधी एकदा, एकदाच, चिंचघाटच्या लोकांना दाखवायला मिळावी. कारण म्हणून भामाआजींचं नाव लिहिलं होतं. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. उत्तर इंग्रजीत होतं. तीन ओळी. सदर प्रत खराब स्थितीत असल्याने इतर जुन्या प्रतींबरोबर ती नष्ट करण्यात आली आहे.

मी मान वर केली. "काका…"

"मला कळलंय त्यात काय हाय ते. कारकुनानं सांगितलं," ते म्हणाले. "आजीला उत्तर द्यायला पायजे. रोज इचारती म्हनं, सरकारचं पत्र आलं का. मी दोनदा निघालो आन् दोनदा परत आलो. माज्यानं हुईना. तुमी चला."

रविवारी आम्ही एसटीने गेलो. वाटभर मी मनात 'नष्ट' या शब्दाला दुसरा शब्द शोधत होते. या वेळी खरं सांगायचं, नीट, हळू सांगायचं, असं मी ठरवलं होतं. खरं बोलण्यावाचून माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, असं मला वाटत होतं.

भामाआजी ओसरीवर बाजेवर होत्या. इतक्या लहान झाल्या होत्या की गोधडीत कुणी आहे असं वाटत नव्हतं. पण आवाज तोच होता.

"ही ती इंग्रजी पोर न्हवं?"

"व्हय," काका म्हणाले. "तीच. पत्र आलंय, आजी. ह्या वाचत्यात."

"आदी त्येंच्या बोलीत वाच," आजी मला म्हणाल्या. "मग आपल्या."

मी इंग्रजीत वाचलं. तीन ओळी, शेवटच्या शब्दापर्यंत. आजी डोळे मिटून, कीर्तन ऐकावं तशी मान हलवत होत्या. सून चहाचे कप घेऊन दारातच थांबली. काका खाली भुईवर बसले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"आता सांग. काय म्हनतंय सरकार?"

मी कागदाकडे बघत म्हणाले, "आजी, ती फिल्म दिल्लीला आहे. जुनी झाली ना, म्हणून आता जपून ठेवलीय. बाहेर काढत नाहीत."

"कुठं ठिवलीया?"

"एका खोलीत. थंड असते ती खोली. यंत्राने थंड ठेवतात, रात्रंदिवस."

"का गं?"

"रिळाला उष्णता चालत नाही."

आजींनी डोळे उघडले. "थंड," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई. उनाचा लई तरास हुता त्यास्नी. चैतात तर हौदात बसून ऱ्हायचं." मग थोड्या वेळाने, "दार लावत्यात का खोलीचं?"

"कुलूप असतं. आणि एक माणूस असतो तिथे, फक्त त्यावर लक्ष ठेवायला."

"येवढं समदं कागदात लिव्हलंय?"

"हो," मी म्हणाले. "सगळं लिहिलंय."

"मंग ती घडी हितं ठिव," त्या म्हणाल्या आणि उशीचा कोपरा वर केला. मी पत्राची घडी घालून तिथे ठेवली. सुनेने चहा दिला. काकांनी आपला कप दोन घोटांत संपवला आणि उठले.

आम्ही परत निघालो. एसटीत ते पुढच्या बाकावर बसले होते, मी मागे. बारामतीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सुप्याची गाडी फलाटावर लागलेली होती. काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ताई," ते म्हणाले, "ह्ये तुमाला त्या दिशी यायला पायजे हुतं."

मी पिशवी धरायला हात पुढे केला.

"सायबाम्होरं मी तुमाला हुभं केलं ते ह्येच्यासाटीच. मला वाटलं, येवढ्या दिस माझ्याजवळ बसलीया, तिला कळलं आसंल कुनाला काय सांगायचं ते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला उत्तर तरी देता आलं असतं. "जाऊ द्या. तवा तुमी ल्हान हुता. आन् मी बी तुमाला कवा नीट शिकिवलं न्हवतं."

ते गाडीत चढले. खिडकीजवळची जागा मिळाली त्यांना. शेजारी एका बाईने मांडीवर कोंबडीची टोपली घेतलेली होती, ती त्यांनी धरायला घेतली, तिला नीट बसता यावं म्हणून. मी खालीच थांबले. मला त्यांना तो एक शब्द सांगायचा होता, 'जाणूनबुजून'. तो साहेबांनी मागितला नव्हता, माझा होता, मी पदरचा घातला होता, हे त्यांना अजून माहीत नव्हतं असं मला वाटत होतं. माहीत असेल तर ते सांगावं, नसेल तरी सांगावं, असं म्हणत मी खिडकीपर्यंत गेले. पण कंडक्टर यायच्या आतच त्यांचा डोळा लागला होता. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात टोपलीवर. मी गजावर वाजवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. गाडी सुटली तेव्हाही ते झोपलेलेच होते.